चुन्याखालचा लाल गोल

डफरिन ग्रीन्स, पुनर्वसन इमारत, खोली ३०४,
नागपूर
दि. २० ऑक्टोबर २०२४

चि. पियुष यास,
मावशीचा सप्रेम जय भीम आणि अनेक आशीर्वाद.

तू आणि पायल मौद्याला खुशाल असाल. मीही खुशाल आहे, म्हणजे दोन्ही गुडघे धरून जिवंत आहे. तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहिते. फोन कापता येतो, पोस्टमनला कापता येत नाही. अक्षराला हसू नकोस. तुझ्या मावसाजींनी लग्नानंतर मला लाईनीतल्या वाचनालयाच्या बाकावर बसवून लिहायला शिकवलं. बोलायचं तसं बोल, पण लिहिताना पुस्तकासारखं लिही, असं ते नेहमी म्हणायचे. म्हणून हे असं लिहिते आहे.

इकडची खबर अशी. डफरिन मिलच्या कामगारचाळीच्या तिन्ही लाईनी आता पूर्ण साफ झाल्या. तू आयटीआयला असताना आमच्याकडे दोन वर्षं राहिलास, त्या तिसऱ्या लाईनीच्या जागी पावसाचं पाणी साठवायला तळं खणलं आहे. मिलची चिमणी ठेवली, कारण ती ऐतिहासिक. तिच्यावर दिवे सोडले आहेत. मिलच्या जागेवर मोठ्या लोकांच्या बारा इमारती आधीच उभ्या झाल्या होत्या, आणि मागच्या अंगाला आमची एक. सगळं हिरवं आहे म्हणे. संडासातलं पाणी धुऊन परत संडासातच येतं, छतावर सोलर, झाडाझाडाला नंबर. दुसऱ्या लाईनीतला कडुनिंब क्रेनने उपटून गेटजवळ लावला आणि त्याला सलाईन लावली. माणसाला एवढ्या लवकर कोणी सलाईन लावत नाही.

गेल्या आठवड्यात गॅलरीत मिरच्या वाळत घातल्या, तर मॅनेजर आला. "आजी, बिल्डिंगचा लूक खराब होतो," म्हणाला आणि ताट उचललं. मी त्याची कॉलर धरून मूठभर मिरच्या त्याच्या तोंडावर घासल्या. डोळे धरून रडत जिना उतरला. माझ्यावर तक्रार झाली आहे. होऊ दे. रागात माझा हात आधी जातो आणि डोकं मागून येतं, हे तुला लहानपणापासून माहीत आहे.

दसऱ्याला दीक्षाभूमीवर नेहमीसारखी गर्दी होती. चंद्रपूरकडचे पाहुणे दोन दिवस राहून गेले. दरवर्षी दोनदा, जयंतीच्या आधी आणि दसऱ्याच्या आधी, वाचनालयाला चुना मीच मारायची. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. या दसऱ्याला भिंतच नव्हती. जाऊ दे ते.

तुझा उजवा हात कसा आहे? आतली स्टीलची पट्टी काढली का? बोटं वळतात का? त्या दिवशी लोकांनी तुला फार मारलं. पोलीस सगळे मतदानाच्या बंदोबस्तात अडकलेले, तासभर कोणी फिरकलं नाही, आणि गर्दीला आवरणार कोण?

मी तुला दोष देत नाही. म्हणजे देते, पण तू मुद्दाम केलंस असं म्हणत नाही. पोकलेन तू चालवत होतास, वाचनालयाची भिंत तू पाडलीस, आणि भिंतीपलीकडच्या ओट्यावर तुझे मावसाजी पेपर वाचत बसले होते. तीस वर्षं मिलच्या मागांवर उभा राहिलेला माणूस, कान कधीच गेलेले. तू भोंगा वाजवलास, पण तो त्यांना ऐकू आला नाही. भिंत त्यांच्या अंगावर आली. एवढंच झालं.

पण पियुष, कंपनीच्या नूपुर मॅडमनी त्या भिंतीवर लाल गोल काढला होता. जे राखायचं त्याला लाल गोल, हे कंपनीने तुम्हाला सांगून ठेवलं होतं. तेवढं तू बघायला हवं होतंस. पोलिसांनी मला विचारलं तेव्हा मी तेच सांगितलं, की निशाण होतं. मी आणखी काय सांगणार?

डब्यात जवसाची चटणी पाठवते आहे. डाव्या हातानेही खाता येते. पायलला आशीर्वाद.

तुझी मावशी,
प्रेमिला


डफरिन ग्रीन्स, नागपूर
दि. २९ जानेवारी २०२५

चि. पियुष यास,
सप्रेम जय भीम.

तुझं कार्ड मिळालं. तीन ओळी, आणि अक्षर पहिलीतल्या पोराचं. "मावशी, चटणी मिळाली. तीन बोटं वळत नाही, डाव्या हातानं लिहून राहिलो. तू बराबर जेवून राहिली ना?" बस, एवढंच. ते वाचून मी कार्ड भिंतीवर फेकून मारलं. मग उचललं आणि पेटीत ठेवलं. शिव्या दिल्या असत्यास तर बरं वाटलं असतं. जेवतेस का म्हणून काय विचारतोस?

परवा पायलचा फोन आला. तुझ्यावर निष्काळजीपणाने माणूस मारल्याची केस उभी राहिली, १८ फेब्रुवारीला तारीख आहे, तुझं लायसन जप्त आहे आणि कोणी कामावर घेत नाही, हे तिनेच सांगितलं. तू तर एक शब्द लिहिला नाहीस. मग ती म्हणाली, "मावशी, मारलं कोणं म्हणून पोलिसाईनं याले चारदा विचारलं. हा म्हणते, गर्दी होती, दिसलं नाही. तुमचं नाव नाही घेतलं यानं. मले सगळं मालूम आहे, पण यानं मलेही शपथ घातली."

मी फोन ठेवून दिला.

बरं, ऐक मग. मागच्या पत्रात मी "लोकांनी मारलं" असं लिहिलं. लोकांनी मारलंच, पण आधी मी मारलं. माझं तोंड धरून कोणी विचारत नाही म्हणून गप्प होते.

तुला ठाऊक आहे, मी जुन्या विटा साफ करायच्या कामावर होते. जुन्या विटा नव्या बांधकामात लावल्या की कंपनीला कसलंसं सर्टिफिकेट मिळतं, म्हणून आम्हा बारा बायकांना हातोडी देऊन ढिगाऱ्याजवळ बसवलं होतं. विटेवरचा चुना ठोकून काढायचा आणि वीट रचून ठेवायची. १५ एप्रिलची सकाळ होती, जयंतीचा दुसरा दिवस. सात वाजले असतील. धप्प असा आवाज झाला आणि आमच्या पायाखालची जमीन हलली. धूळ उठली ती वाचनालयाच्या बाजूने. मी हातोडी हातात घेऊनच पळाले.

विटांतून त्यांचा एक हात बाहेर होता. मुठीत पेपर तसाच धरलेला. तू पोकलेनवरून उडी मारून आला होतास आणि नखांनी विटा उपसत होतास. "मावसाजी, मावसाजी" म्हणत होतास. मला वाटलं काढलं तर वाचतील. मीही उपसलं. मग डोकं दिसलं. डोक्याचा अर्धा भागच नव्हता, पियुष. ज्या केसांना मी रोज तेल लावायची ते विटेला चिकटले होते. चष्मा तेवढा साबूत होता. त्यावर मला जास्त राग आला, का ते मला आजही सांगता येत नाही.

लोक तोवर जमले होते. त्यांनी तुला मागे ओढलं. माझ्या हातात हातोडी होती आणि समोर तू होतास. मी मारली. खांद्यावर बसली. नवरा असा पडलेला बघून बाई दुसरं काय करणार? एक घाव मारला, आणि पुढचं सगळं लोकांनी केलं.

आता लिहून मोकळी झाले. तुझं ओझं थोडं हलकं झालं असेल तर बरं.

कंपनीचा वकील येऊन गेला. गोरा, गोड बोलणारा. त्याने माझी जबानी वाचून दाखवली. "फक्त एवढंच सांगा आजी, निशाण होतं." नूपुर मॅडमचा मार्च महिन्यातला फोटो आहे त्याच्याकडे, त्यात लाल गोल स्वच्छ दिसतो. निघताना मला नमस्कार केला.

आणि सव्वीस जानेवारीला वाचनालयाचं उद्घाटन झालं. नवं, काचेचं, क्लबहाउसच्या आत. आत एक भिंत आमच्या जुन्या वाचनालयाच्या विटांची उभी केली आहे आणि तिच्यावर पितळेच्या पाटीत नाव आहे: देवराव चहांदे स्मृती वाचनालय. मला पुढच्या खुर्चीत बसवलं, शाल दिली, भाषण झालं, "परंपरा आणि पर्यावरण" असं काही. सगळ्या विटा घासून लाल केलेल्या. दोन-चार मात्र सजावटीसाठी चुन्यासकट ठेवल्या, जुनं वाटावं म्हणून. त्यातली एक वीट पाहिली आणि मला भोवळ आली. सकाळपासून उपाशी होते, म्हणून असेल.

तारखेच्या दिवशी वकील नीट कर. पायलला त्रास देऊ नकोस.

तुझी मावशी,
प्रेमिला


नागपूर
दि. १२ फेब्रुवारी २०२५

पियुष,
जय भीम.

आज खुशाली विचारत नाही आणि कळवतही नाही. माझ्या डोक्याला चार टाके आहेत आणि डावा डोळा सुजून बंद आहे, म्हणून ओळी वाकड्या आल्या तर समजून घे. तिसऱ्यांदा लिहिते आहे. पहिल्या दोन पत्रांत मी तुझ्याशी खोटं बोलले. दुसऱ्या पत्रात तर अर्धं खरं लिहून वर उपकार केल्यासारखं दाखवलं. ते पत्र तू जाळलं नसशील तर जाळ.

टाके कशाचे ते आधी सांगते. रविवारी दुपारी मी पदराखाली हातोडी घेऊन क्लबहाउसमध्ये गेले. रविवारी दुपारी ती मंडळी एसी लावून झोपलेली असतात. मावसाजींच्या नावाच्या भिंतीसमोर उभी राहिले आणि ती वीट शोधली, डावीकडून तिसरी, माझ्या छातीएवढ्या उंचीवर. मग घाव घालायला लागले. नव्या सिमेंटने बसवलेली वीट लवकर सुटत नाही. काच फुटली, पितळेची पाटी खाली आली. दोन गार्ड धावत आले. एकाने माझे केस धरून मागे ओढलं, मी त्याच्या गुडघ्यावर हातोडी घातली, तो खाली बसला. दुसऱ्याने काठी मारली, डोळ्यावर. तिसऱ्या काठीला डोकं फुटलं. पण तोवर वीट हातात आली होती. ती मी पोटाशी धरून गुडघ्यात डोकं घालून बसले आणि त्यांनी पाठीवर मारलं तेवढं मारून घेतलं. शेवटी वरच्या मजल्यावरच्या एका बाईने ओरडून सोडवलं. कंपनीने तोडफोडीची तक्रार दिली आहे. बरोबर आहे, तोडफोड केलीच आहे.

आता त्या विटेची गोष्ट.

गेल्या मार्चमध्ये मिलच्या मैदानात मीटिंग होती, काय पाडणार आणि काय राखणार हे सांगायला. पडद्यावर चित्रं लावली होती. मावसाजींना ऐकू येत नव्हतं म्हणून ते मोठ्याने विचारत होते, "काय म्हणून राहिले वं ते? आपल्या वाचनालयाचं काय म्हणून राहिले?" दोनदा विचारलं, तीनदा विचारलं. कंपनीच्या एका बाउन्सरने त्यांच्या छातीला धक्का दिला. ते खुर्चीसकट उलटे पडले. मी त्या बाउन्सरच्या दंडाला चावले. असं चावले की मांस तोंडात आलं. मग त्यांनी आम्हा दोघांना उचलून गेटच्या बाहेर टाकलं. त्यामुळे पुढे नूपुर मॅडमनी काय समजावलं ते आम्ही ऐकलंच नाही. कोणाला विचारायला गेलेही नाही, कारण मला माज होता.

दुसऱ्या दिवशी मॅडम लाल रंगाचा डबा घेऊन फिरल्या. लाईनींच्या दारांवर लाल फुल्या. वाचनालयाच्या भिंतीवर लाल गोल, आत चौदा नंबर. मी लांबून पाहिलं आणि तिथूनच मागे फिरले. लाल रंग म्हणजे काय, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. मी आणि तुझी आई नंदनवन वस्तीच्या मागच्या झोपड्यांत वाढलो. दारावर लाल निशाण आलं की आठ दिवसांत पालिकेचं पथक येणार आणि घर जाणार. तीनदा गेलं. तीनदा तुझी आई आणि मी भांडी मांडीवर घेऊन उन्हात बसलो. फुली काय आणि गोल काय, मी फक्त रंग पाहिला. मला वाटलं, वाचनालयही पाडायला काढलं.

म्हणून जयंतीच्या दोन दिवस आधी, भर दुपारी, सगळे मंडपाच्या कामात असताना मी चुना कालवला. नीळ टाकली, डिंक टाकला. ऑइलपेंटवर चुना धरत नव्हता. मग विटेच्या तुकड्याने तो गोल घासला, आणि वरून एक हात मारला, वाळू दिला, दुसरा मारला, तरी लाल दिसत होतं, तिसरा मारला. मग दिसेनासं झालं. घामाने ओली झाले होते, पण इतकी खूश होते, पियुष. निशाणच नाही तर पाडतील कशावरून, असं माझं डोकं. जयंतीच्या दिवशी सगळे म्हणाले भिंत काय झकास दिसते. मावसाजींनी बाबासाहेबांच्या फोटोला हार घातला, भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "यंदा लय मन लावून मारला वं चुना." मी ओठ दाबून हसले.

त्यांनी भिंतीवरून हात फिरवला, आणि दुसऱ्या दिवशी ती भिंत त्यांच्या अंगावर आली.

आता त्या सकाळचं, जे मी गाळलं. माझा पहिला घाव तुझ्या खांद्यावर बसला. तू गुडघ्यावर आलास. तुला दोघांनी धरलं होतं. तू माझ्याकडे तोंड करून ओरडलास. तुझा आवाज माझ्या कानात आजही तसाच आहे.

"काहून मारून राहिली वं मावशी! निशाण नव्हतं! म्या साहेबाले फोन केला, वाचनालयाचं काय म्हणून. तो म्हणे, लाल गोल आहे का? म्या म्हटलं, नाही. तो म्हणे, मंग पाड! लाल गोल म्हंजे राखाचं असते! गोल असता त म्या हात नसता लावला वं! याच बाकावर बसून मी आयटीआय पास झालो!"

मला तिथे कळलं. तुझ्या तोंडून कळलं, त्याआधी माहीत नव्हतं. लाल गोल म्हणजे राखायचं. तो मी पुसला. ज्याला कोणी हात लावणार नव्हतं ते मी पाडायला दिलं, आणि भिंतीपलीकडे माझा माणूस बसलेला. हे सगळं तेवढ्या वेळात कळलं जेवढ्या वेळात तू श्वास घेतलास.

तुझं ऐकून लोक थांबले होते. हे मी कोणाला सांगितलं नाही. लोक खरंच थांबले होते. दोघा-तिघांनी मागे वळून पाहिलं. भिंतीचा एक तुकडा अजून उभा होता, पांढराशुभ्र, आणि तू उजवा हात वर करून तिकडे दाखवत होतास. आणखी एक क्षण गेला असता तर कोणीतरी म्हटलं असतं, अरे, चुना तर प्रेमिलाबाईनं मारला.

तो हात मी फोडला. नेम धरून, मनगटाच्या वर. विटेवरचा चुना काढायला घालते तसा घाव घातला, आणि हाड मोडल्याचं हातोडीच्या दांड्यातून मला कळलं. मग मी ओरडले, "झूट बोलून राहिला साला! मारा त्याले!" आणि लोकांनी मारलं. लाथा, विटा, पोकलेनचा पाना. तुझे दात पडले. तू मातीत तोंड खुपसून पडलास तरी मारत होते. मी थांबवलं नाही. तू पुन्हा बोलू नयेस, एवढंच माझ्या मनात होतं. नवरा तिथे दहा हातांवर मरून पडला होता आणि मी त्याच्यासाठी रडत नव्हते, मी तुझं तोंड बंद व्हायची वाट बघत होते.

पहिला घाव रागाचा होता. त्याची माफी मी मागितली असती. दुसरा घाव मी पूर्ण शुद्धीत घातला, त्याची माफी कशी मागायची ते मला माहीत नाही.

पंचशील मी रोज सकाळी म्हणते. त्या दिवसानंतर पहिल्या आणि चौथ्या ओळीला माझी जीभ अडते. हिंसा केली आणि खोटंही बोलले. पोलिसांना सांगितलं, निशाण होतं. साहेबानेही फोन आलाच नाही म्हणून सांगितलं. लाईनीतल्या पन्नास माणसांनी जयंतीला पांढरी भिंत पाहिली होती, पण कोणी पुढे आलं नाही, कारण सगळ्यांच्या हातांना तुझं रक्त लागलेलं होतं. ज्याच्यावर सगळे उलटले तो एकटा खरं बोलत होता.

आणि हेही ऐक. जूनमध्ये वाचनालयाच्या विटांचा ढीग साफ करायला आला. मी मुकादमाला म्हटलं, माझ्या नवऱ्याच्या विटा आहेत, मीच करणार. बायकांना वाटलं, माया आहे. मी एकेक वीट उचलून बघायची. चुन्याच्या खाली लाल दिसलं की खरवडायची, बोटांतून रक्त येईपर्यंत खरवडायची. बावीस विटा होत्या. गोल माझ्या हातांनी मी दुसऱ्यांदा पुसला. तेविसावी माझ्या आधी कोणीतरी सजावटीसाठी बाजूला काढली होती, हे मला माहीत नव्हतं. सव्वीस जानेवारीला शाल पांघरून बसले आणि ती समोर दिसली. कोपऱ्यावर चुन्याची खपली उडालेली आणि खाली लाल रेघ, गोलाचीच. मला भोवळ उपासाने आली नव्हती.

दोन आठवडे मी त्या विटेसमोरून जात-येत राहिले. वाटलं, कोण बघतंय. मग पेटीतलं तुझं कार्ड काढून पुन्हा वाचलं. तू बराबर जेवून राहिली ना. हात मी मोडला, आणि उरलेल्या हाताने तू हे लिहिलंस. पियुष, तू काय माणूस आहेस रे! मी तुझ्या जागी असते तर मौद्याहून येऊन माझा गळा दाबला असता.

नुसतं मी तोंडाने सांगितलं तर त्यांचा वकील म्हणेल, भाच्याला सोडवायला म्हातारी खोटं बोलते. म्हणून वीट लागत होती. ती माझ्याजवळ आहे, मावसाजींच्या धोतरात गुंडाळून. आडवी धरून पाहिलं की स्पष्ट दिसतं: आधी जुना चुना, त्यावर लाल, त्यावर माझे तीन हात. कोणीही तपासू दे. नूपुर मॅडमना मी फोन केला. त्यांनी ती नोकरी सोडली आहे. त्या रडल्या, मग म्हणाल्या, रंगाचा डबा अजून घरी आहे, घेऊन येते.

उद्या सकाळी मी ठाण्यात जाते आहे. निशाण मी पुसलं हे सांगेन. हात मी मोडला हेही सांगेन. दोन्ही एकाच कागदावर लिहून घ्या म्हणेन, नाहीतर पहिलं लिहितील आणि दुसरं म्हातारीचा शोक म्हणून सोडून देतील. मला धरून नेतील. न्यावं. तिथे माझं भांडण होईल, ते मी बघून घेईन.

तुझ्याकडून एकच हवं. अठरा तारखेला मॅजिस्ट्रेटने विचारलं, तुला मारलं कोणी, तर गर्दी होती असं म्हणू नकोस. मावशी आहे, विधवा आहे, आईच्या जागी आहे, यातलं काही मनात आणू नकोस. मी समोर उभी असेन. तुझा डावा हात चांगला आहे. तो वर कर आणि माझ्याकडे दाखव. या वेळी मी तो खाली पाडणार नाही.

तू विचारलं होतंस, जेवते का. बरेच दिवस जेवत नव्हते. आज जेवले.

तुला दोनदा मारणारी,
प्रेमिला देवराव चहांदे